दार उघडेपर्यंत सोडू नका

चष्म्याच्या दुकानात, पडद्यामागच्या चिंचोळ्या खोलीत तो उंच खुर्चीवर बसला होता. नाकावर जड चौकट, डाव्या डोळ्यावर काळी काच, आणि समोरच्या पाटीवरची अक्षरं खाली खाली जाताना मुंग्यांएवढी होत चाललेली. तपासणारी बाई एकेक काच बदलत विचारत होती, "ही बरी की आधीची बरी?" त्याला दोन्ही सारख्याच वाटत होत्या, पण तसं कबूल करायची चोरी, म्हणून तो आळीपाळीने ‘ही’ आणि ‘आधीची’ म्हणून वेळ मारून नेत होता. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतलं कसलंसं यंत्र एकदा वाजलं. फार मोठ्याने नाही. आणि त्याच्या उजव्या हाताचा अंगठा खुर्चीच्या दांडीवर दाबला गेला, क्षणभर टेकला आणि पुन्हा उठला. हे त्याने केलं नव्हतं. होऊन गेल्यावर त्याला कळलं, शिंक येऊन गेल्यावर कळते तसं. तो उघड्या डोळ्याने अंगठ्याकडे बघत राहिला. नखाखाली काळं तेल होतं, बाकी अंगठा अगदी साधा, रोजचा होता. "ही की आधीची?" बाईने पुन्हा विचारलं. "कधी?" तो म्हणाला. बाई हसली. तो मात्र हसला नाही, कारण हा अंगठा आज असाच आणखी एकदा दाबला गेला होता, तीन वाजायला पाच मिनिटं असताना, आणि तेव्हा तो खुर्चीच्या दांडीवर नव्हता.

बावीस वर्षं तो कोल्ड स्टोरेजच्या पॅनेलवर बसत होता. खाली सात खोल्या, उणे वीसवर ठेवलेल्या, मासळीच्या आणि मटारच्या खोक्यांनी छतापर्यंत भरलेल्या. वर लोखंडी जिना चढून गेलं की पॅनेलची खोली, आणि तिथे भिंतभर सत्तावन्न दिवे. सत्तावन्नपैकी चौदा कायमचेच पेटलेले. एखाद्याची वायर सैल, एखाद्याचं दुरुस्तीचं पत्र वर्षभर वरच्या टेबलावर, एखादा का पेटतो हे ज्याला माहीत होतं तो निवृत्त झालेला. कुठलाही दिवा पेटला की घंटी वाजते, आणि घंटी वाजली की हाताशी असलेलं काळं बटण दाबायचं. आवाज बंद. मग दिवा बघायचा, मग काय ते करायचं. असा क्रम होता. कागदावर तरी होता. पण घंटी एका पाळीत दोन-अडीचशे वेळा वाजते, आणि अडीचशे वेळा दचकून माणूस जगू शकत नाही, म्हणून दचकण्याचं काम केव्हातरी अंगठ्याने आपल्याकडे घेतलं होतं. त्याचं त्याला इतके दिवस कौतुकच वाटायचं. डबा खाता खाता, गप्पा मारता मारता, वर्तमानपत्राचं पान उलटता उलटता अंगठा आपलं काम चोख करायचा.

तीनला पाच कमी असताना पाळी बदलण्याची घाई होती. त्याच्या जागी येणारा, ज्याला कमी बोलतो म्हणून सगळे मुनी म्हणत, तो जिना चढून आला होता आणि छत्री कुठे ठेवू असं काहीतरी विचारत होता. तेव्हा घंटी वाजली होती. एकदा. त्याने ती बंद केली होती. दिवा चार नंबरच्या खोलीचा होता की चौदांपैकी एक होता? लाल होता का? लाल म्हणजे खोलीच्या आतलं बटण. आत माणूस. तो मुनीला "खिडकीत ठेव" म्हणाला होता, एवढं लख्ख आठवत होतं. छत्रीच्या मुठीवरचं तुटकं प्लास्टिकसुद्धा आठवत होतं. दिवा तेवढा आठवत नव्हता. आणि चार नंबरमध्ये आज सकाळपासून बापू होता. बापू म्हणजे त्याचा मेहुणा, बायकोचा पाठचा भाऊ, जो पाळी सुटल्यावर आज इथे दुकानात येणार होता, बाहेर बाकावर बसून बायको त्याचीच वाट बघत होती, आणि तो आला नव्हता.

"अहो, एवढ्यात झालं?" बायको म्हणाली. तो चौकट नाकावर घेऊनच बाहेर आला होता.

"बापूला फोन लावलास?"

"दोनदा लावला. उचलत नाही. त्याचं काय नेहमीचंच आहे. झोपला असेल घरी जाऊन."

बारा वर्षांपूर्वीही असंच कुणीतरी म्हणालं होतं. तेव्हा खोल्यांना आतून बटण नव्हतं, घंटी नव्हती, बिल्ले नव्हते. एक म्हातारे हमाल होते, त्यांना सगळे काका म्हणत. शनिवारी दुपारी पाळी सुटली, गडबडीत दार लागलं, आणि काका दिसत नाहीत म्हटल्यावर कुणीतरी म्हणालं, घरी गेले असतील. घरच्यांना वाटलं जादा पाळी लागली असेल. सोमवारी सकाळी दार यानेच उघडलं. काका दारापासून हातभर अंतरावर एका खोक्यावर बसले होते, मांडीवर हात ठेवून, बसची वाट बघावी तसे. दारावर आतून त्यांच्या मुठीचे ठसे होते, बर्फात उमटलेले, आणि ते खाली खाली येत गेले होते. तो त्यांना "काका, चला" असं म्हणाला होता. हे त्याने कधी कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

त्यानंतर त्याने नऊ पानी अहवाल लिहिला. पॅनेलवरच्या माणसाने अहवाल लिहायची पद्धत नव्हती, पण त्याला झोप येत नव्हती. प्रत्येक खोलीत दाराशेजारी आतून एक मोठं लाल बटण, त्याची घंटी थेट पॅनेलवर; दार आतून उघडायला एक दोरी; प्रत्येक हमालाला पितळी बिल्ला, आत जाताना बाहेरच्या खिळ्याला अडकवायचा, बाहेर येताना काढून घ्यायचा, म्हणजे खिळा रिकामा तर खोली रिकामी. आणि बटणावर पाटी, तीही त्याच्याच अक्षरात: ‘अडकल्यास बटण लांब दाबा. दार उघडेपर्यंत सोडू नका.’ मोठ्या साहेबांनी हात मिळवला. हमालांनी त्याचं नाव घंटीमास्तर ठेवलं. त्यालाही ते आवडलं, खोटं कशाला बोला. काकांच्या मुठींचे ठसे डोळ्यांसमोर आले की तो त्या पाटीकडे जाऊन बघायचा आणि मग त्याला जरा बरं वाटायचं.

पण माणसं काही पाटीसारखी एका खिळ्यावर टांगून राहत नाहीत. खोक्यांनी भरलेली हातगाडी घेऊन दाराशी आलं की दोन्ही हात गुंतलेले, दोरी बर्फाने ताठ झालेली. तेव्हा कुणीतरी कोपराने ते लाल बटण दोनदा दाबलं, आणि पॅनेलवरून कुणीतरी, बहुधा यानेच, दाराची कळ फिरवून दार उघडून दिलं. किती सोपं. दुसऱ्या दिवशी सगळेच तसं करू लागले. दोनदा छोटं म्हणजे दार उघडा. लांब म्हणजे धावा. यात न कळण्यासारखं काय होतं? आणि एकदाच वाजली तर जाता-येता कुणाचा तरी खांदा लागला असेल, सोडून द्या. मग दोरी हातगाडीवरच्या खोक्यांत अडकायला लागली म्हणून कुणीतरी ती वर आकड्याला गुंडाळून टाकली. मग पाळी सुटताना खिळ्यांपाशी गर्दी व्हायला लागली म्हणून मुकादम सगळ्यांचे बिल्ले मूठभरून एकदम काढायचा आणि फाटकाबाहेर वाटायचा. प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी सोयीची होती, कुणी वाईट नव्हतं, आणि सात-आठ वर्षांत काही बिघडलंही नव्हतं. हे सगळं त्याला माहीत होतं. आज चष्म्याच्या दुकानाच्या दारात उभं राहून त्याला जे नव्याने दिसलं, ते अगदी साधं होतं. घंटी वाजल्या वाजल्या अंगठा ती बंद करतो. मग लांब वाजलेली घंटी कुणाला लांब ऐकू येणार? आत माणूस जीव खाऊन बटण दाबून धरेल, आणि वर ती एकदाच, एवढीशी वाजेल. खांदा लागल्यासारखी.

त्याने फाटकावर फोन लावला. पहारेकरी निवांत होता. "चार नंबर? थांबा, बघून येतो." बराच वेळ फोनवर नुसता रस्त्याचा आवाज येत राहिला. "बघितलं. खिळे रिकामे आहेत सगळे. कुणी नाही आत."

"बिल्ले कुणी काढले?"

"आता ते मी कसं सांगणार, मास्तर? रिकामे आहेत म्हणजे काढलेच असतील की. तुम्हीच तर पद्धत लावून दिलीत."

"पॅनेलला जोडून दे."

"तिथला फोन परवा काढला नाही का? लक्ष विचलित होतं म्हणून. तुमच्याच सहीचा कागद आहे."

तो कागद त्याच्याच सहीचा होता. गेल्या महिन्यात सहीसाठी सहा कागद आले होते आणि त्याने सहाही केले होते. मुनीचा मोबाइल खाली कपाटात, बापूचाही कपाटात, कारण मोबाइल आत न्यायचा नाही हाही नियम झाला होता. बायको त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिला काय सांगायचं? तुझा भाऊ तास झाला असेल उणे वीसमध्ये, आणि त्याने हाक मारली तेव्हा मी छत्रीबद्दल बोलत होतो? तो म्हणाला, "कपाटाला कुलूप लावलं की नाही आठवत नाहीये. जाऊन येतो."

"झालं सुरू," ती म्हणाली. "घरातला गॅस तीनदा बघता, कुलूप चारदा ओढता. आता कामावरची कपाटंसुद्धा."

हे खरं होतं, आणि म्हणूनच त्याला आणखी भीती वाटत होती. दोन वर्षांपूर्वी असाच संशय येऊन त्याने भर पाळीत सातही खोल्या उघडायला लावल्या होत्या. आत कुणी नव्हतं. खोल्यांचं तापमान चढलं, तीन ट्रक खोळंबले, आणि महिनाभर हमाल त्याला बघून लहान मुलाला बोलवावं तसं "कुणी आहे का आत?" म्हणायचे. त्यावर तोही हसला होता. तेव्हापासून संशय आला की तो आधी लाजायचा. टॅक्सीत बसल्यावरही तो लाजत होता आणि घाबरत होता, आणि दोन्हींत जास्त काय हे त्याला ठरवता येईना. सिग्नलला गाडी थांबली. ड्रायव्हरने पट्टा लावला नव्हता म्हणून गाडीत काहीतरी टुंटुं वाजत होतं, आणि ड्रायव्हरने पट्टा नुसता पाठीमागून नेऊन खाचेत अडकवला. आवाज थांबला. "फार डोकं उठवतं हो," ड्रायव्हर म्हणाला. दोन्ही अंगठे मुठीत घट्ट धरून तो बसून राहिला.

फाटकावर पहारेकऱ्याने त्याला नुसता हात केला. त्याचं कार्ड तीन वाजताच बाहेर गेलेलं होतं; कागदोपत्री तो इथे नव्हता. जिना पलीकडच्या टोकाला, चार नंबर जवळ. तो आधी तिकडेच गेला. बोळात कुणी नव्हतं, सगळे बाहेर धक्क्यावर ट्रकपाशी असणार. खिळे रिकामे. त्याने खुंटीवरचा कुणाचा तरी जाड कोट चढवला आणि बाहेरचा दांडा ओढला. दार बाजूला सरकलं, पांढरी वाफ पायांवर आली, आणि तो आत गेला.

"बापू," त्याने हाक मारली. खोक्यांच्या भिंतींनी हाक तिथल्या तिथे गिळली. तो पहिल्या रांगेतून शेवटपर्यंत गेला, दुसऱ्या रांगेतून परत आला, तिसऱ्या रांगेत शिरला. प्रत्येक कोपऱ्यावर वळण्याआधी त्याचे पाय अडत होते. कुणीतरी खोक्यावर बसलेलं असेल, मांडीवर हात ठेवून. श्वास नाकात टोचत होता. चौथ्या रांगेच्या टोकाला खरंच एक खोकं खाली ठेवलेलं होतं, आणि त्याच्यावर कुणी नव्हतं. तेव्हा त्याला रडू येईल असं वाटलं. कुणी नाही. त्याने ते दोनदा मोठ्याने म्हटलं. मग तो दारापाशी आला, आणि दार बंद होतं. वीस सेकंदांत दार आपोआप बंद व्हावं, गारवा वाया जाऊ नये, ही सोय गेल्या वर्षी बसवली होती.

दोरी वर आकड्याला गुंडाळलेली होती, हात पुरत नव्हता. त्याला अजून तशी भीती वाटली नव्हती. त्याने पाटी वाचली. स्वतःचंच अक्षर, बर्फाची झाक आलेलं. त्याने लाल बटण दाबलं आणि दाबून धरलं. भिंतीपलीकडे, वर लांब कुठेतरी घंटी वाजली, आणि वाजली न वाजली तोच थांबली.

तो दाबून धरून उभा राहिला. तीस मोजले. साठ मोजले. अंगठा बटणाला चिकटल्यासारखा झाला. वर काय चाललंय हे त्याला इथून दिसत होतं. मुनी डबा उघडून बसला असेल, छत्री खिडकीत असेल, लाल दिवा पेटलेला असेल, चौदांच्या जोडीला पंधरावा. मुनीचं काही चुकलं नव्हतं. मुनीच्या जागी आपण असतो तर आपणही मटकीच्या दाण्याएवढं लक्ष दिलं नसतं, हे त्याला इतकं स्पष्ट कळत होतं की मुनीवर चिडायचीही सोय नव्हती. बटण सोडावं का? सोडू नका, असं लिहिलं होतं. त्यानेच लिहिलं होतं. सोडलं आणि नेमकं त्याच क्षणी वर कुणाची नजर दिव्याकडे गेली तर? काका असते तर त्यांनीही सोडलं नसतं. सांगितलेलं ऐकणारा माणूस. एकशेवीस. कान दुखायला लागले, मग दुखायचे थांबले, आणि ते थांबणं दुखण्यापेक्षा वाईट होतं. तो दारावर मूठ आपटायला गेला आणि मूठ वर नेल्यावर त्याला ते ठसे आठवले, खाली खाली आलेले. त्याने मूठ तशीच हवेत ठेवली. बायको दुकानात बसली असेल, कपाटाच्या कुलुपावरून मनात बोल लावत. खिशातल्या फोनला या जाड भिंतींत रेंज नव्हती, आणि तो इथे आहे हे जगात कुणालाही माहीत नव्हतं. पहारेकऱ्याला विचारलं तर तो खिळे बघून येईल.

मग त्याने बटण सोडलं. फार जिवावर आलं, हात धरून ठेवलेल्या माणसाचा हात सोडावा तसं. आणि दोनदा दाबलं. छोटं, छोटं.

दार सरकायला लागलं.

बोळ तसाच रिकामा होता. तो भिंतीला धरून जिना चढला. मुनीने मान वळवून बघितलं आणि डब्याचं झाकण लावलं.

"तुम्ही गेला नव्हता का?"

"आता चार नंबरची घंटी वाजली?"

"वाजली की. दोनदा. दार उघडून दिलं."

"त्याच्या आधी? दोन-तीन मिनिटं आधी?"

मुनीने खरोखर आठवून बघितलं. कपाळाला आठ्या घालून, प्रामाणिकपणे. "नाही," तो म्हणाला. "त्याआधी नाही वाजली." त्याचा अंगठा काळ्या बटणाशेजारी टेकलेला होता, निवांत.

धक्क्यावर बापू ट्रकमधून खोकी उतरवून घेत होता. लालबुंद, घामाघूम, नेहमीचा. दुसऱ्या पाळीचा एकजण आला नव्हता म्हणून तो थांबला होता. बहिणीला कळवायचं राहून गेलं. "भाऊजी, कोट कुणाचा घातलाय?" तो हसत म्हणाला. "आणि नाकावर ते काय?" चौकट अजून नाकावरच होती. तिच्यातून एका डोळ्याला बापू अंधूक दिसत होता आणि दुसऱ्याला दिसतच नव्हता. त्याने ती काढून खिशात टाकली आणि बापूचा दंड धरला. दंड उबदार होता. तो सोडवेना.

"तीनच्या आधी चारमध्ये बटण तू दाबलं होतंस?"

"मी? असेल. खांदा लागला असेल. का?"

"बापू, आत अडकलास तर काय करशील?"

"हा काय प्रश्न झाला? लांब दाबून धरीन. तुम्हीच शिकवलंय. दार उघडेपर्यंत सोडायचं नाही."

त्याने इकडे तिकडे बघितलं. मुकादम कागद बघत होता, आणखी तिघं हातगाडी लावत होते. त्याने आवाज खाली आणला. "लांब नको. दोनदा दाब. कुणी आलं नाही तर परत दोनदा."

"ते तर दार उघडायला."

"हो."

बापूने त्याच्याकडे बघितलं. हसू हळूहळू मावळलं. बापू जाड असला तरी मंद नव्हता. "मग पाटी?" तो म्हणाला. "आणि ह्या बाकीच्यांना? सोमवारी आठ नवे येणार आहेत, त्यांना तुम्हीच शिकवणार ना?"

पाटी बदलता येईल. दोनदा दाबा, असं लिहिता येईल. मग दोनदा वाजलेलंही अंगठा ऐकेनासा होईल, त्याला काय, वर्ष पुरे. अहवाल लिहिता येईल, दहावं पान. त्यावर सगळे मान डोलावतील आणि अठ्ठावन्नावा दिवा बसवतील, आणि तो वाजायला लागेल. इतकी वर्षं त्याला वाटायचं की आपण काकांच्या आणि पुढच्या माणसाच्या मध्ये काहीतरी उभं केलंय. बटण, घंटी, बिल्ला, दोरी, पाटी. आणि प्रत्येकजण त्यातल्या दुसऱ्या कशावर तरी भरवसा ठेवून निश्चिंत होता, तो स्वतः सगळ्यात जास्त. मुकादमाने हाक मारली. बापूने दंड सोडवून घेतला, हातगाडीला खांदा लावला, आणि चौघंही चार नंबरमध्ये शिरले. खिळ्याला दोनच बिल्ले लागले. वीस सेकंदांनी दार बंद झालं.

तो बाहेर दांडा धरून उभा राहिला. खिशात फोन वाजला; बायको होती. "कुलूप होतं ना लावलेलं?" ती म्हणाली. "ती बाई म्हणतेय चौकट घेऊन गेलात तिची. आणि बापूचा पत्ता लागला का?"

"इथेच आहे."

"बघा. उगीच जिवाला घोर." तिचा आवाज सैल पडला. तिलाही घोर लागला होता, हे त्याला आता कळलं. "या मग दोघं."

त्याने फोन ठेवला आणि तेवढ्यात वर घंटी वाजली. एकदा. लगेच थांबली. त्याने दांडा ओढला, जोर लावून ओढला, पण ओढण्याआधी काय झालं ते त्याच्या लक्षात आलं होतं. हात दांड्यावर हलण्याआधी त्याच्या दुसऱ्या हाताचा अंगठा मांडीवर दाबला गेला होता आणि उठला होता. भीती वाटण्याच्याही आधी.

दार सरकलं. वाफेत चौघं उभे होते, खोकी अर्धी रचलेली. "खांदा लागला, मास्तर," त्यांतला एकजण ओशाळून म्हणाला. बापू मात्र काही न बोलता त्याच्याकडे, त्याच्या दांड्यावरच्या हाताकडे बघत होता.

"भाऊजी," तो हळू म्हणाला, "असे किती वेळ उभे राहणार?"

वीस सेकंद झाले आणि दार पुन्हा बंद व्हायला लागलं. त्याने दांडा सोडला नाही.